माझ्याकडचा अर्धा पूल

दोन हजार सोळा साल. मी चौसष्ट वर्षांचा होतो, तू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पुलाच्या मधोमध नारळ फुटला, आपण खोबऱ्याचा एकेक तुकडा तोंडात टाकला, आणि तू माझ्या काठाकडे हात करून म्हणालास, "तू पुढं हो, दाम्या." त्याआधी आपण चहाला जोडीने जायचो. त्या दिवसापासून तू मागं राहिलास. नऊ वर्षं मी पुढं आणि तू मागं.

मला वाटलं, मान देतोस.

किसन, तू गेलास त्याला आज चौदा दिवस झाले. हे मीच लिहितोय. शाळा तिसरीपर्यंत, तीही गुरं वळून उरेल तेवढी. वही नातीची आहे, अक्षर माझं. ती म्हणाली, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, मला माझ्या माणसाशी बोलायचंय, मधे कोणी नको. माणूस गेला की लोक लिहितात, कुठं जन्मला, किती लेकरं, स्वभाव किती मनमिळाऊ. ते तुला ठाऊक आहे. मला तुला विचारायचंय. पण काय विचारायचं तेच जुळत नाही. एक धरलं की दुसरं हातातून सुटतं.

तर पहिल्यापासून धरतो. दुसऱ्या कोणी वाचलं तर त्यालाही कळेल.

धबधब्याच्या पायथ्याला, घळीवर, आपला पूल. इंग्रजाच्या वेळचा, लोखंडी, वर सागाच्या फळ्या. लोखंड रेल्वेने नाशिकरोडला आलं आणि पुढं बैलगाड्यांनी, असं माझा आजा सांगायचा. पुलाच्या पायाला वाळू त्याने वाहिली. तुमच्या पाड्याला अलीकडं यायला तेवढाच रस्ता. आता पावसाळ्यात नाशिकहून गाड्या भरभरून येतात, गंगापूर रोडची पोरं डोंगराचे बूट घालून येतात आणि बरोबर मधे उभी राहून पूल हलतो का ते उड्या मारून बघतात. त्यांना काय ठाऊक, की बाजूचे दोन लोखंडी कठडे नुसते धरायला नाहीत. सगळा भार त्यांच्यावर. कठड्याच्या पट्ट्या रिबिटांनी जोडलेल्या, म्हणजे लाल तापवून दोन्ही अंगांनी डोकं चेपलेले जाड खिळे. रिबीट घट्ट असलं तर हातोडीखाली टणकन बोलतं. सैल झालेलं भदकन बोलतं.

म्हणून आपल्याकडं वैशाखात पूल बोलवतात, म्हणजे ठोकून बोलता करतात. धबधबा वाळून गप्प असतो, तेव्हाच पुलाचं ऐकू येतं. आमच्या गावचा एक माणूस या काठाहून निघणार, तुमच्या पाड्याचा एक त्या काठाहून. एकेक रिबीट, एकेक फळी ठोकत. सैल सापडलं की त्यावर चुन्याची फुली, तंबाखूच्या डबीतलाच चुना. कठड्याच्या मधल्या खांबाशी गाठ पडली की नारळ. फुल्या मारलेलं दुरुस्त झाल्यावरच दोन्ही टोकांच्या, पाहुण्यांना अडवणाऱ्या साखळ्या निघतात. माझ्याआधी माझा बाप, तुझ्याआधी तुझा चुलता. आपल्या दोघांची मिळून बत्तीस वर्षं.

त्यात माझा मान थोडा जास्त, हे मीच धरून चाललो होतो. मनमाडला लोखंडाच्या कामावर पस्तीस वर्षं घण मारला मी. वैशाखात रजा काढून यायचो पुलासाठी. तू नागली आणि भात करणारा, तुला रिबीट मी शिकवलं.

आणि त्याच घणाने माझे कान खाल्ले.

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहिलं. लिहून दोनदा वाचलं. आता खोडत नाही.

आधी बारीक आवाज गेले. चिमण्या, सुनेच्या बांगड्या, फोनची घंटी. मग टणकन गेलं. सगळी रिबिटं एकाच आवाजात बोलायला लागली, तेव्हा मी मनाशी म्हटलं, लोखंड म्हातारं झालं, आवाज बदलणारच. बघ कसा मी. पुलाला म्हातारा ठरवलं, स्वतःला नाही. गावात लोक म्हणायचे, दामू ताठ आहे, हाक मारली तरी वळून बघत नाही. मला ते बरं वाटायचं. ताठ म्हणवून घेणं सोपं होतं.

तुला कधी कळलं, हे मला हवंय. त्या सोळा सालीच ना? मी माझा अर्धा संपवून मधल्या खांबाशी आलो, तू आधीच येऊन थांबला होतास. तू विचारलंस, "किती फुल्या?"

"एक पण नाही. माझ्याकडचं लोखंड पक्कं आहे."

तू माझ्याकडं बघत राहिलास. लय वेळ. मग माझ्या हातातल्या हातोडीकडं बघितलंस. मला वाटलं, जळलास. तुझ्याकडं चार फुल्या होत्या. नंतर नारळ, आणि ते तुझं "तू पुढं हो."

दुसरी गोष्ट. तू माझ्याशी बोलताना समोर येऊन उभा राहायचास, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द पेरल्यासारखा. तुझी बायको असताना तिच्याशी तू असा बोलल्याचं मला आठवत नाही. मला वाटायचं, वयाने तुझी तऱ्हा बदलली. किसन, माझ्याभोवती सगळ्यांच्याच तऱ्हा बदलत होत्या आणि मी एकटा होतो तसाच होतो, असं मला नऊ वर्षं वाटत होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे ते भांडण. तीन-चार वैशाखांनंतर तू पुलाच्या तोंडाशी मला अडवलंस.

"दाम्या, एक सांगू? ठोकताना पलीकडून रिबिटाच्या डोक्यावर बोट ठेवत जा. सैल असलं तर बोटाला उडी लागती. कानाची गरजच नाय."

"आता तू मला शिकवणार?"

"आरं, शिकवत नाय. लोहार असंच करतो, बघितलं म्या."

"लोहाराला कान नसतील. मी पस्तीस वर्षं..."

"घण मारला, घण मारला! ठाव हाय साऱ्या तालुक्याला. बोट ठिवलं तर बोट झडंल काय तुझं?"

"नागली पेरणाऱ्याने नागली पेरावी."

तुझ्या तोंडावरचं सगळं पुसलं गेलं. पुढं दीड वर्ष आपण बोललो नाही. पण मधे जो वैशाख आला त्यात तू हातोडी घेऊन तुझ्या काठावर हजर. आपण न बोलता ठोकलं, न बोलता नारळ फोडला, न बोलता खोबरं खाल्लं. मला वाटलं, आता तू आल्या वाटेने परत जाशील. तर तू तोंड फुगवून हाताने खूण केलीस, पुढं हो. मीही तोंड फुगवून पुढं झालो. माझ्या काठावर येऊन तू चहा प्यालास, कप खाली ठेवलास आणि चालता झालास. मी बायकोला म्हटलं, बघ, भांडला तरी मान सोडत नाही. ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

बोट ठेव म्हणालास तो तू मला रस्ता देत होतास. चारचौघांत न सांगता, कानाचं नावही न काढता. आणि मी तुला नागलीवरून बोललो. हे आज कळतंय. कळतंय असं वाटतंय. का तू खरंच लोहाराचं बघून नवीन शिकला होतास आणि फक्त तेवढंच सांगत होतास? तू समोर असतास तर कॉलर धरून विचारलं असतं.

बोल्टांचंही तसंच. माझ्या अर्ध्यात दर वर्षी एखादं रिबीट काढून तिथं बोल्ट घातलेला दिसायचा. मी चिडायचो. पुलाच्या समितीच्या नानांच्या भज्यांच्या टपरीवर जाऊन आरडाओरडा करायचो, माझ्या पक्क्या लोखंडाला हात कोणी लावला म्हणून. नाना खांदे उडवायचे. तू शेजारी बाकावर बसून भजी खायचास आणि म्हणायचास, "असतील कोणी सरकारी. त्यास्नी बोल्टाची लय हौस." तेव्हा चटणी तुझ्या मिशीला लागलेली असायची, आणि तू हसत होतास का, ते मला मिशीमुळं दिसायचं नाही.

आणि नव्या पुलाचा वाद, तो तर अर्धाच राहिला. गेली दोन-तीन वर्षं तू एकच धोशा लावला होतास. "आता हा पूल बघायला ठिवू. चालायला नवा मागू सिमिटाचा." मी म्हणायचो, तुला काय घाई, आजाने वाळू वाहिलीय. तू म्हणायचास, "तुझ्या आज्याला भिऊन लोकं मारायची का?" मी सगळीकडं सांगत फिरलो की किसनला ठेकेदाराने फितवलं. हे तुला कळलं होतं, आणि तरी तू चहाला यायचास.

आता वाटतं, तुझे गुडघे गेले होते. एका माणसाने आपला अर्धा ठोकायचा आणि वर दुसऱ्याचाही ठोकायचा, तेही वाकून. तू दमला होतास आणि तुला माझ्यापासून सुटायचं होतं. का पूलच खरा दमला होता? का तुला भीती होती की तू आधी गेलास तर मी एकटाच पुलाला पक्का ठरवीन? तिन्ही पटतात. एक पक्कं होत नाही.

शेवटची भेट. तू खाटेवर, तोंडाला पंचा, खोकला थांबत नव्हता. मी येऊन बसलो तसं तू पंच्याआडूनच काहीतरी सांगायला लागलास. बराच वेळ. मधे एकदा बोट वर केलंस. मला तुझं तोंड दिसत नव्हतं. पंचा काढ, एवढं म्हणायला हवं होतं मी. दोन शब्द. मी मान डोलावली. "बरं, बरं," म्हटलं. तू थांबलास, माझ्याकडं बघितलंस, तेच सोळा सालचं बघणं. मग डोळे मिटून हसलास. यावेळी मिशी नव्हती मधे, पंचा होता, पण डोळ्यांना कळतं.

तू काय म्हणालास, किसन? बोट का वर केलंस? तुझी लेक हिरा तेव्हा आत चुलीपाशी होती, तिने ऐकलं नाही. आता जगात ते कोणालाच ठाऊक नाही.

तुझ्या दहाव्याला सगळी माणसं नदीवर होती. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "दामूअण्णा, वेळ बरी नाही बोलायची, पण शनिवारी साखळी काढावी म्हणतोय. लोकांचे फोन सुरू झालेत. किसनकाका नाहीत, पण तुम्ही आहात म्हणून आम्हाला काळजी नाही."

सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी, तुझ्या दहाव्याला, डोक्यावर टोपी सरळ करून म्हणालो, "मी आहे ना. दोन्ही अर्धे मीच बोलवतो."

तेव्हा आतून मला माहीत होतं, की आता तुझ्या अर्ध्यावर पण सगळी रिबिटं मला सारखीच लागणार आहेत. तरी म्हणालो. हे माझ्या कुठल्या हाडातून येतं ते मला कळत नाही.

परतताना पुलाच्या तुमच्या टोकाशी हिराने मला गाठलं. तुझी लेक सटाण्याला देऊन बारा वर्षं झाली, आता बोलताना मधेच तिला 'आहे'च्या जागी तिकडचं अहिराणी 'शे' येतं. तू तिला त्यावरून चिडवायचास. तिच्या हातात तुझी हातोडी होती, धुतल्या फडक्यात गुंडाळलेली. ती माझ्या अगदी समोर उभी राहिली. तुझ्यासारखी.

"काका, बाबांनी ही तुम्हाला द्यायला सांगितलीय. आणि निरोप शे. मधल्या खांबापासून तुमच्याकडचा सातवा खांब, त्याच्या खालच्या पट्टीची दोन रिबिटं. गेल्या वर्षी बरी होती पण सुटायला आलीत, यंदा पहिली ती बघा."

"सातवा खांब माझ्यात येतो," मी म्हटलं. "माझ्यातलं किसनला काय ठाऊक?"

तिने हातोडीचं फडकं नीट केलं.

"सांग की. तो माझ्या अर्ध्यात कशाला हात घालेल?"

"काका, बाबा मागून ठोकत यायचे."

मला वाटलं, मी चुकीचं बघितलं तिच्या ओठांवर. तिने परत सांगितलं, हळू, एकेक शब्द पेरून. "तुम्ही पुढं चालायचे. बाबा मागून तुमचा अर्धा परत ठोकत यायचे. गेल्या वैशाखात मी माहेरी होते, इथंच उभी होते. टणटण सगळी घळ वाजत होती. तुम्ही मागं वळून पण बघितलं नाही. मी घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, दाम्याला काही बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या लोहाराला आणून बोल्ट घातला."

मी म्हटलं, "खोटं." तुझ्या लेकीला, तुझ्या दहाव्याला, मी खोटं म्हणालो. हातोडी घेतली आणि पूल ओलांडून घरी आलो. येताना एकदा वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. तुझ्यावर चिडलो होतो. नऊ वर्षं माझ्या पाठीमागं! मी छाती काढून चाललोय आणि मागं तू वाकून माझं निस्तरतोयस. ही दया झाली. मला कोणाची दया नको. तू मला तोंडावर सांगायला हवं होतंस, दाम्या तू बहिरा झालास, हातोडी खाली ठेव. सांगितलं असतंस तर मी तुला पुलावरून ढकललं असतं, हेही खरं. पुन्हा तुझं तोंड बघितलं नसतं. आणि मग माझा अर्धा तसाच राहिला असता, वर पोरं उड्या मारत असती, आणि एका रविवारी...

इथं आलो की डोकं थांबतं. त्या नऊ वर्षांत पुलावरून किती लेकरं कडेवर गेली. मी माझ्या काठावर खुर्ची टाकून बसायचो आणि म्हणायचो, माझ्या लोखंडावरून चाललीत. लोखंड तुझं होतं. मी मान म्हणून जे घेतलं ते तुझ्या गुडघ्यांचं होतं. मग दया म्हणू का मान म्हणू? का तू हे माझ्यासाठी केलंच नाहीस, तुला फक्त पूल नीट हवा होता आणि मी मधे येणारा एक म्हातारा होतो, मला वळसा घालून गेलास? तसं असेल तर पुढं हो म्हणून चहाला माझ्याकडंच का येत होतास? चहा तर तुझ्या घरीही होता. माझ्या बायकोच्या चहाला तू नावं ठेवायचास.

किसन, मला राग येतो आणि तो तुझ्यावर टिकत नाही. तुझे उपकार मानायला जातो, तर तुझं ते चटणी लागलेलं तोंड आठवतं आणि परत राग येतो. नात म्हणते, आजोबा एक काहीतरी ठरवा. माझ्याच्याने ठरत नाही. तू कधी कुठली गोष्ट सरळ केली नाहीस, मेल्यावर तरी सरळ कशाला होशील.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि नानांच्या टपरीवर गेलो. पाच-सहा माणसं चहा घेत होती. मी बसलो नाही.

"नाना, शनिवारी साखळी काढायची नाही. मला ऐकू येत नाही. नऊ वर्षं झाली, जास्तच. माझा अर्धा किसन ठोकत होता."

नाना काहीतरी म्हणाले. बाकावरचे दोघे तोंड वळवून एकमेकांशी बोलले. मला काही ऐकू आलं नाही, आणि पहिल्यांदाच मी मान डोलावली नाही. "समोर येऊन बोला," म्हटलं. नाना उठून समोर आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खिशातली साखळीची किल्ली काढून मला दिली.

पलीकडं हिरा पाणी भरत होती. तिला हाताने बोलावलं. ती पुलावर आली तशी मी तुझी हातोडी तिच्या हातात दिली. म्हटलं, काल तुला खोटं म्हणालो ते परत घेतो. तिने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "कसं करायचं, काका?"

"तू ठोकत चल, मी पलीकडून बोट ठेवतो. तू पुढं हो."

मधल्या खांबापासून निघालो, माझ्या काठाकडं. पहिला खांब, दुसरा. तिची हातोडी पडायची, बोटाखाली रिबीट गप्प बसायचं, आणि ती माझ्याकडं वळून मान हलवायची, चांगलं आहे. सातव्या खांबाशी मी गुडघे टेकले, खालच्या पट्टीच्या पहिल्या रिबिटावर बोट ठेवलं. तिने ठोकलं. बोटाला उडी लागली. मी तिच्याकडं बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती. दुसरं ठोकलं, त्यालाही उडी.

खिशातून डबी काढली, चुना बोटावर घेतला, आणि माझ्या अर्ध्यात दोन फुल्या मारल्या.